खांद्याजवळ मोडलेला दंड: विनाशस्त्रक्रिया उपचारांचा आढावा

खांद्याच्या सांध्यालगत दंडाचे हाड मोडणे ही उतारवयातील अगदी नित्याची दुखापत आहे. पासष्टी ओलांडलेल्या माणसांत खुब्याच्या आणि मनगटाच्या हाडाखालोखाल हेच हाड मोडते. प्रौढांच्या एकूण अस्थिभंगांत त्याचा वाटा सुमारे ५ ते ६ टक्के असतो आणि रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीहून अधिक भरते. तरुण माणसाचे हाड इथे मोडायला वाहनाचा अपघात किंवा उंचावरून पडणे असा जोराचा आघात लागतो. वय झालेल्या बाईच्या बाबतीत मात्र न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून हात टेकणे किंवा उंबऱ्याला अडखळून खांद्यावर पडणे एवढेही पुरते, कारण रजोनिवृत्तीनंतर तिचे हाड आतून विरळ होत गेलेले असते. अशा वेळी शस्त्रक्रिया करून तुकडे जोडावेत की हात गळ्यात बांधून हाड आपले आपण जुळू द्यावे, हा अस्थिशल्यशास्त्रातला जुना वाद आहे. गेल्या दोन दशकांत मुख्यतः युरोपात त्यावर चांगल्या चाचण्या झाल्या आणि त्यांचा कौल बव्हंशी शस्त्रक्रियेच्या बाजूने पडला नाही. त्या कौलाचा अर्थ ‘काही केले नाही तरी चालते’ असा लावला जातो, तेव्हा मात्र रुग्णाचे नुकसान होते. शस्त्रक्रिया न करणे हा स्वतःचे वेळापत्रक, स्वतःची कौशल्ये आणि स्वतःची जोखीम असलेला एक पूर्ण उपचार आहे, आणि चाचण्यांत जो शस्त्रक्रियेच्या तोडीचा ठरला तो हा पूर्ण उपचार होता.

वादाचे मर्म कळण्यासाठी हाडाची रचना थोडी पाहावी लागते. दंडाच्या हाडाचे, म्हणजे ह्यूमरसचे, वरचे टोक चार भागांचे मानले जाते. सर्वांत वर कूर्चेने मढलेला अर्धगोल असतो, त्याला हाडाचे डोके म्हणतात. त्याच्या बाहेरच्या अंगाला मोठा उंचवटा आणि पुढच्या अंगाला लहान उंचवटा असतो. आणि या तिन्हींच्या खाली नळीसारखा दांडा सुरू होतो. डोक्याच्या कडेची उथळ खोबण ही ‘अ‍ॅनाटॉमिकल नेक’, तर उंचवट्यांखाली जिथे हाड निमुळते होते ती ‘सर्जिकल नेक’, आणि बहुतेक वेळा हाड मोडते ते या दुसऱ्या मानेत. दोन्ही उंचवट्यांवर ‘रोटेटर कफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्या, रुजलेल्या असतात. मोठ्यावर तीन, लहानावर एक. हाड मोडले की प्रत्येक स्नायू आपल्या वाट्याचा तुकडा आपल्या दिशेने ओढतो: मोठा उंचवटा वर आणि मागे सरकतो, लहान उंचवटा आतल्या बाजूला जातो, आणि छातीचा मोठा स्नायू दांड्याला छातीकडे खेचतो. त्यामुळे तुकडे कुठे सरकणार हे बरेचसे आधीच ठरलेले असते.

याच रचनेत हाड आपोआप जुळण्याला अनुकूल अशा गोष्टीही आहेत. इथले हाड आतून स्पंजासारखे जाळीदार असते, त्याला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो आणि भोवती जाड स्नायूंचे वेष्टन असते. अशा ठिकाणी हाड जुळण्याची शक्यता कठीण, नळीदार भागापेक्षा चांगली असते. उतारवयातल्या अस्थिभंगांत बरेचदा एक तुकडा दुसऱ्यात रुतून बसतो आणि ही रुतलेली अवस्था आतल्या आत टेकू देते. शिवाय उभ्या माणसाच्या हाताचे वजन दांड्याला सतत खाली ओढत असल्यामुळे वाकलेला दांडा काही अंशी आपोआप सरळ रेषेत येतो. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट खांद्याच्या हालचालींत आहे. हा सांधा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. बशीवर ठेवलेल्या लिंबासारखे मोठे डोके एका उथळ खळग्यावर फिरत असते, आणि खालचे फऱ्याचे हाडही छातीच्या पिंजऱ्यावर सरकत हालचालीत भर घालते. म्हणून हाड थोडे वाकडे जुळले तरी हात तोंडापर्यंत, कपाळापर्यंत, पुष्कळदा डोक्यामागेही पोहोचतो. मनगटाजवळ किंवा कोपराच्या सांध्यात तेवढाच वाकडेपणा राहिला असता तर तो इतका सहज खपला नसता. एक्स-रेमध्ये विद्रूप दिसणारा खांदा आणि घरकाम नीट करणारा हात एकाच शरीरात नांदू शकतात, ही वस्तुस्थिती या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

हाड चार तुकड्यांत विभागून पाहण्याची कल्पना अमेरिकन शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली खांद्यावरील आपल्या ग्रंथात मांडली. वाढीच्या वयात हे टोक ज्या रेषांवर सांधले जाते, साधारण त्याच रेषांवर ते पुढे मोडते, असे त्यांचे निरीक्षण होते. न्यूयॉर्कच्या चार्ल्स नीर यांनी १९७० साली या कल्पनेला आज जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणाचे रूप दिले. एखादा तुकडा १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वळला असेल तरच त्याला वेगळा भाग मानायचे, हा त्यांचा दंडक. भेगा कितीही असोत, एकही तुकडा ही मर्यादा ओलांडत नसेल तर तो ‘एक-भागी’ म्हणजे फारसा न सरकलेला अस्थिभंग ठरतो, आणि त्यावर शस्त्रक्रिया नको याविषयी मतभेद नाहीत. असे रुग्ण सुमारे ८५ टक्के असतात असे नीर यांनी म्हटले होते आणि हा आकडा पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे पुढे चालत राहिला. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे चार्ल्स कोर्ट-ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०२७ अस्थिभंगांची पाहणी करून २००१ साली जो अहवाल दिला त्यात मात्र हे प्रमाण ४९ टक्केच निघाले. म्हणजे निम्म्या रुग्णांच्या बाबतीत ‘तुकडे सरकले आहेत, आता काय करायचे’ हा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

या वर्गीकरणाचा दुबळेपणाही मोकळेपणाने सांगितला पाहिजे. तोच एक्स-रे दोन अनुभवी तज्ज्ञांपुढे ठेवला तर त्यांचे उत्तर पुष्कळदा जुळत नाही, आणि त्याच तज्ज्ञाला काही महिन्यांनी तोच एक्स-रे दाखवला तर त्याचे स्वतःचे उत्तरही बदलते, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखवून दिले. १ सेंटिमीटर आणि ४५ अंश या मर्यादा निसर्गाने आखलेल्या नाहीत, त्या व्यवहारासाठी मानलेल्या आहेत. खांद्याचा एक्स-रे किमान दोन, शक्य तर तीन बाजूंनी काढावा लागतो. एकाच बाजूने काढलेल्या चित्रात सांधा मागच्या अंगाला निखळलेला असूनही जागेवर असल्याचा भास होतो. तरीही शंका राहिली तर सीटी स्कॅन करतात.

सरकलेले तुकडे पाहिल्यावर ते जागेवर बसवून पक्के करावेत असे शल्यचिकित्सकाला वाटणे स्वाभाविक आहे. तारा, पिना, साध्या पट्ट्या असे प्रयोग विसाव्या शतकात होत राहिले. विरळ हाडात स्क्रू धरत नाही हीच त्या सगळ्यांची अडचण होती. २००० नंतर ‘लॉकिंग प्लेट’ आली. या धातूच्या पट्टीत स्क्रूचे डोके पट्टीच्याच आट्यांत अडकते, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड टिकेल अशी आशा निर्माण झाली आणि शस्त्रक्रियांचे प्रमाण भराभर वाढले. फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींत ही वाढ ठळकपणे दिसते. पण काही वर्षांतच या पट्टीचे तोटेही समोर आले. पकड टिकली तरी तिच्याभोवतीचे विरळ हाड खचते, डोके आतल्या बाजूला कलते, आणि न हलणारे स्क्रू डोके भेदून सांध्यात शिरतात. मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. स्वीडनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, तीन-भागी अस्थिभंगाच्या ६० वृद्ध रुग्णांवरील चाचणीत पट्टी बसवलेल्या गटाला कामाच्या दृष्टीने थोडा लाभ दिसला, परंतु त्या गटातील ३० टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले. थोड्याशा लाभासाठी दहातल्या तिघांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागणे हा सौदा वृद्ध रुग्णाच्या हिताचा म्हणता येत नाही.

या पार्श्वभूमीवर ब्रिटनमधील ‘प्रॉफर’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी चाचणी निर्णायक ठरली. अमर रंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ ते २०११ या काळात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील तीसहून अधिक रुग्णालयांतून २५० रुग्ण निवडले. सगळ्यांचा अस्थिभंग सर्जिकल नेकला छेदून जाणारा आणि तुकडे सरकलेला होता, सरासरी वय ६६ होते, आणि चारांतील तीनहून अधिक रुग्ण स्त्रिया होत्या. कोणाची शस्त्रक्रिया करायची हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर न सोपवता, ठरवले गेले. यशाचे माप म्हणून ‘ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर’ वापरला गेला. रुग्णाने स्वतः वेदनेविषयी आणि रोजच्या कामांविषयी बारा प्रश्नांची उत्तरे द्यायची आणि त्यांवरून ० ते ४८ असे गुण काढायचे. दोन वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया गटाचे सरासरी गुण ३९.०७ आणि दुसऱ्या गटाचे ३८.३२ निघाले. पाऊण गुणाचा हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे आणि रुग्णाच्या अनुभवाच्या दृष्टीनेही तो जाणवण्याजोगा नाही. रुग्णालयातील मुक्कामात हृदय, श्वसन, पचन यांच्याशी संबंधित अशा दहा वैद्यकीय गुंतागुंती मात्र शस्त्रक्रिया गटाच्या वाट्याला आल्या. २०१५ साली ‘जामा’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०१७ साली पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही चित्र तेच राहिले.

या चाचणीवर आक्षेपांची झोड उठली, आणि ते सगळेच आक्षेप हितसंबंधातून आलेले नव्हते. ज्या रुग्णाला शस्त्रक्रिया लागणारच असे उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाला वाटले, त्याला चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे निष्कर्ष लागू होतो तो जिथे तज्ज्ञाच्या मनात खरोखर दुमत होते अशा रुग्णांना. चार तुकडे झालेले अस्थिभंग त्यात थोडे होते. सरासरी काढली की एखाद्या उपगटाला झालेला लाभ दुसऱ्या उपगटाच्या हानीत बुजून जाऊ शकतो, हाही मुद्दा खरा आहे. पण असा उपगट कोणता, हे दाखवून देण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यांवर येते, आणि निदान साठीपुढच्या रुग्णांत ते अजून नीट दाखवता आलेले नाही. नॉर्वे आणि नेदरलँड्समधील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रत्येकी ५० रुग्णांच्या चाचण्यांत शस्त्रक्रियेचा ठळक लाभ दिसला नाही. पहिलीत पट्टी बसवली होती, दुसरीत चार-भागी अस्थिभंगात अर्धा कृत्रिम सांधा. २०१९ साली उत्तर युरोपातील देशांनी मिळून दोन-भागी अस्थिभंगाच्या ६० वर्षांवरील ८८ रुग्णांवर केलेल्या चाचणीतही लॉकिंग प्लेट निरुपयोगी ठरली. कॉक्रेन या संस्थेने २०२२ साली ४७ चाचण्या आणि ३,१७९ रुग्ण यांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की सरकलेल्या अस्थिभंगांतही शस्त्रक्रियेमुळे एका किंवा दोन वर्षांनंतर हाताच्या कामात सुधारणा होत नाही.

सध्या चर्चा आहे ती ‘रिव्हर्स’ प्रकारच्या कृत्रिम सांध्याची, ज्यात गोल भाग फऱ्याच्या हाडावर आणि खळगा दंडावर बसवतात, आणि फाटलेल्या रोटेटर कफच्या जागी डेल्टॉइड या खांद्यावरच्या मोठ्या स्नायूकडून काम करून घेतात. नॉर्वेतील २०२० सालच्या चाचणीत ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांमध्ये हा सांधा लॉकिंग प्लेटपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला. पण ही तुलना दोन शस्त्रक्रियांमधली होती. पट्टीपेक्षा सरस म्हणजे झोळी आणि व्यायामापेक्षा सरस असे त्यातून निघत नाही, आणि प्रचारात मात्र नेमकी हीच गल्लत होते. स्पेनमध्ये ८० वर्षांवरील ५९ रुग्णांवर या सांध्याची थेट विनाशस्त्रक्रिया उपचारांशी तुलना झाली, तेव्हा वर्षअखेरीस लाभ नाममात्रच आढळला.

शस्त्रक्रिया टाळू नये अशाही अवस्था आहेत आणि त्या ओळखण्यात हयगय झाली तर हात गमावण्याची वेळ येऊ शकते. त्वचा फाटून हाड उघडे पडणे, मुख्य रक्तवाहिनीला इजा होऊन हात थंड पडणे, हाड मोडण्याबरोबर सांधा निखळून जागेवर न बसणे, डोक्याचा अर्धगोल मधोमध चिरणे, कर्करोगाने पोखरलेले हाड मोडणे, या सर्वांत विलंब न लावता शल्यचिकित्सक गाठावा लागतो. मोठा उंचवटा एकटाच ५ मिलिमीटरहून अधिक सरकला असेल तर तो हात वर करताना फऱ्याच्या हाडाच्या वरच्या टोकाला अडतो, म्हणून कष्टाची कामे करणाऱ्या आणि तरुण रुग्णांत तो पक्का करण्याकडे कल असतो. लहान मुलांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे: दंडाच्या लांबीतली सुमारे ८० टक्के वाढ या वरच्या टोकातून होते, त्यामुळे त्यांचे बरेच वाकडे जुळलेले हाडही वाढता वाढता सरळ होते.

आता प्रत्यक्ष उपचार. पहिल्याच दिवशी त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढाव्या लागतात, कारण दोन दिवसांत बोटे सुजतात आणि मग त्या कापाव्या लागतात. खांद्याच्या बाहेरच्या अंगावर हलक्या स्पर्शाची जाणीव आहे का आणि डेल्टॉइड स्नायू किंचित तरी आवळला जातो का, हे पाहून नोंदवून ठेवतात. सर्जिकल नेकला वळसा घालून जाणाऱ्या अ‍ॅक्झिलरी नावाच्या मज्जातंतूला इथे इजा होऊ शकते. नेदरलँड्समध्ये १४३ रुग्णांची स्नायूंच्या विद्युत तपासणीने बारकाईने पाहणी झाली तेव्हा ६७ टक्क्यांत कोणत्या ना कोणत्या मज्जातंतूला इजा सापडली. हा आकडा धडकी भरवणारा वाटला तरी बहुसंख्य इजा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. मात्र आठ-दहा आठवड्यांनंतरही हात उचलता येत नसेल तर दोष व्यायामाच्या कंटाळ्याचा नसून मज्जातंतूचा असू शकतो, हे उपचार करणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

हात गळ्यातल्या झोळीत ठेवतात, किंवा मनगटाला पट्टा बांधून तो गळ्यात अडकवतात आणि कोपर मोकळे सोडतात. मोकळ्या कोपरामुळे हाताच्या वजनाने दांडा रेषेत येतो, तर झोळीत कोपराला आधार मिळाल्याने वेदना कमी होतात. दोन्हींपैकी एक निःसंशय श्रेष्ठ असे सिद्ध झालेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास वजनदार प्लास्टर हाताला टांगण्याची पद्धत होती, पण त्या वजनाने तुकडे एकमेकांपासून दूर ओढले जातात आणि हाड जुळत नाही असे दिसल्यावर या जागेसाठी ती मागे पडली. पहिल्या आठवड्यात घरच्यांना सर्वांत घाबरवणारी गोष्ट म्हणजे काळानिळा डाग: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो दंडावर उमटतो आणि गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली उतरत गेल्यामुळे कोपरापर्यंत, कधी छातीच्या बाजूने कमरेपर्यंत पसरतो. तो वाढत जाणे म्हणजे आतला रक्तस्राव चालू असणे नव्हे, हे आधीच सांगून ठेवले तर रात्रीची धावपळ वाचते. आडवे झाल्यावर तुकडे हलतात आणि वेदना वाढतात, म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पाठीमागे उशा रचून अर्धवट बसूनच झोपावे लागते, आणि कोपर मागे पडू नये म्हणून त्याखाली एक छोटी उशी किंवा घडी केलेली चादर ठेवतात. आपल्याकडच्या उकाड्यात काखेतली त्वचा घामाने भिजून सोलवटते, तेव्हा झोळी काढून, कमरेत किंचित वाकून, हात सैल लोंबू देत काख रोज धुऊन कोरडी करावी लागते; हात या पद्धतीने सैल सोडल्याने हाड सरकत नाही. एक्स-रेमध्ये डोके खळग्यातून खाली घसरल्यासारखे दिसले तर घाई करू नये. दुखापतीमुळे डेल्टॉइड स्नायू तात्पुरता ढिला पडल्याचे ते लक्षण असते आणि काही आठवड्यांत डोके आपसूक वर येते. एक्स-रे साधारण पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला पुन्हा काढतात. तुकडे सरकायचे असतील तर बहुधा सुरुवातीलाच सरकतात, म्हणून पहिली फेरी चुकवणे सर्वांत महाग पडते.

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून करायची असते. खांदा केव्हा हलवायचा हा मात्र दीर्घकाळ मतभेदाचा विषय होता आणि सहा-सहा आठवडे हात छातीशी बांधून ठेवण्याची जुनी सवय त्यातूनच आली. खांद्याभोवतीची पिशवीसारखी आवरणे रक्त साकळून चिकटू लागतात, आकसतात आणि सांधा जखडतो. हाड जुळते पण हात वर जात नाही. अमेरिकेत १९९७ साली १०४ रुग्णांच्या पाहणीत असे दिसले, की फारसे न सरकलेल्या अस्थिभंगात पहिल्या पंधरवड्यात व्यायाम सुरू केलेल्यांचे परिणाम अधिक चांगले होते. इंग्लंडमध्ये २००३ साली ८६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठवड्याच्या आत फिजिओथेरपी सुरू केलेल्या गटाला तीन आठवडे थांबलेल्या गटापेक्षा सोळा आठवड्यांनी कमी वेदना आणि जास्त हालचाल होती. फ्रान्समध्ये २००७ साली तर रुतून बसलेल्या अस्थिभंगाच्या ७४ रुग्णांपैकी निम्म्यांचा खांदा ७२ तासांच्या आत हलवायला घेतला, आणि तरीही तुकडे सरकले नाहीत. स्पेनमधील २०२१ सालच्या १४३ रुग्णांच्या चाचणीत एक आठवडा आणि तीन आठवडे या दोन मुदतींत फरक आढळला नाही. या सगळ्यांचे तात्पर्य व्यवहारात असे निघते, की तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खांदा बांधून ठेवण्याला कोणताही आधार नाही, आणि तुकडे एकमेकांत रुतलेले असतील तर आठवडाभरातच सुरुवात करता येते. हाड एकसंध झाले आहे का हे पाहण्याची साधी रीत अशी: एका हाताची बोटे रुग्णाच्या खांद्यावर डोक्याच्या जागी ठेवून दुसऱ्या हाताने कोपर हलकेच आत-बाहेर फिरवायचे, डोके दांड्याबरोबर फिरताना बोटांना लागले तर हालचाल वाढवायला हरकत नाही.

व्यायामाचा क्रम नीर यांनी घालून दिलेल्या तीन टप्प्यांवर बेतलेला आहे. प्रारंभी रुग्णाचे स्नायू काम करत नाहीत: टेबलाच्या कडेला चांगला हात टेकून कमरेत वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंग डोलवून त्याला झोके द्यायचे, मग उताणे झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला वर आणि बाहेर न्यायचे. सहा आठवड्यांच्या सुमारास, हाड जुळू लागल्याची खूण एक्स-रेत दिसल्यावर, हात स्वतःच्या ताकदीने उचलायला घेतात: बोटांनी भिंत चढणे, कप्पीवरून टाकलेली दोरी ओढणे. तीन महिन्यांनंतर ताण आणि ताकद यांवर भर देतात, आणि सुधारणा वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ चालू राहते. सर्वांत उशिरा परत येते ती पाठीमागे हात नेण्याची हालचाल, म्हणून वेणी घालता येऊ लागल्यानंतरही पोलक्याची मागची बटणे लावणे आणि साडीचा काठ मागून सारखा करणे कित्येक महिने जड जाते. पाठीमागे पंचा आडवा धरून चांगल्या हाताने तो वर ओढण्याचा व्यायाम यासाठीच असतो.

उपचार फसतात ते कसे? हाड अजिबात न जुळण्याचे प्रमाण कोर्ट-ब्राउन यांच्या पाहणीत १.१ टक्के होते. तुकडे एक-तृतीयांशाहून अधिक सरकलेले असतील किंवा मानेचा चुरा झालेला असेल तेव्हा ते आठ-दहा टक्क्यांवर गेले. त्याच एडिंबरा शहरातील २,२३० रुग्णांच्या २०२१ सालच्या अहवालात एकूण प्रमाणच सुमारे १० टक्के निघाले. हा मोठा फरक अस्वस्थ करणारा आहे आणि शस्त्रक्रियाविरोधकांनी तो नजरेआड करू नये. डोके आणि दांडा यांतील कोन नेहमीच्या सुमारे १३५ अंशांपासून किती ढळला आहे, दांडा डोक्याखालून किती सरकला आहे आणि रुग्ण धूम्रपान करतो का, या गोष्टींवरून धोका बराचसा आधीच ओळखता येतो असे त्या अहवालातून दिसते. म्हणजे पहिल्याच एक्स-रेवरून कोणाचा पाठपुरावा काटेकोरपणे करायचा हे ठरवणे शक्य आहे. डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मरणे ही दुसरी भीती, पण ते काही प्रमाणात खचले तरी पुष्कळ वृद्ध रुग्ण फारशा त्रासाशिवाय राहतात. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे जखडलेला खांदा, आणि तो बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे.

टाळता येण्याजोगा, पण व्यायाम शिकवणारे कोणी जवळ असेल तर. ‘प्रॉफर’मधील दोन्ही गटांना फिजिओथेरपी मिळत होती, ठरलेल्या वेळी एक्स-रे होत होते आणि अडचण आली तर परत जायला रुग्णालय होते. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी हाडाचे डॉक्टर भेटतात, शस्त्रक्रियाही होते. पण आठवड्यातून दोनदा चाळीस किलोमीटरचा एसटीचा प्रवास करून व्यायामाला येणे सत्तरीच्या बाईला आणि तिला आणणाऱ्या रोजंदारीवरच्या मुलाला परवडत नाही. आरोग्य विम्याचा आणि योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन केलेल्या उपचारांवर असतो. पट्टी बसवण्याचे पैसे मिळतात, बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचे सहसा मिळत नाहीत. पुराव्याने जो उपचार पुढे केला आहे त्याच्याच अर्ध्या भागाला पैसा नाही, ही उफराटी व्यवस्था आहे आणि ती बदलायला हवी. तोवर निदान पहिल्या भेटीत, घरच्या एका माणसाला समोर बसवून, तीन-चार व्यायाम करून दाखवणे आणि ते त्यांच्याकडून करून घेणे कुठल्याही दवाखान्यात शक्य आहे.

याच पोकळीत हाडवैद्य उभा असतो. हाडवैद्यांची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत भग्न या विषयावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत, आणि झाडांच्या साली व बांबू यांच्या कांबींनी मोडलेला अवयव स्थिर करण्याची रीत तिथे सांगितली आहे. हाड स्थिर ठेवले तर ते जुळते, हे त्या परंपरेला पक्के ठाऊक होते. खांद्याजवळच्या अस्थिभंगात आजच्या हाडवैद्याकडून होणारे नुकसान मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिल्या दिवसांत तेल लावून जोरात चोळल्याने रुतलेले तुकडे सुटतात, आणि नंतर महिना-दीड महिना कांबींत घट्ट बांधून ठेवल्याने सांधा जखडतो. हाड मात्र जुळलेले असते, म्हणून गावाच्या दृष्टीने उपचार यशस्वी ठरतो. हात खांद्याच्या वर जात नाही हे वयाच्या खाती टाकले जाते.

हाड जुळले आणि हात वर जाऊ लागला तरी एक काम उरते आणि तेच बहुधा राहून जाते. उभ्याने पडून खांदा मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची उघड खूण असते. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीत असे आढळले, की खांद्याजवळचे हाड मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुबा मोडण्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढतो, आणि खुब्याचा अस्थिभंग हा वृद्धांसाठी जिवावरचा प्रसंग असतो. म्हणून झोळी सुटण्याच्या सुमारास हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची कमतरता भरून काढणे, गरज असेल तर हाडाची झीज रोखणारी औषधे, आणि पडण्याची कारणे शोधणे या गोष्टी उपचाराच्या यादीत असल्याच पाहिजेत: मोतीबिंदू आहे का, रात्री झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येते का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का. ही विचारपूस करायला दहा मिनिटे पुरतात, आणि सहाव्या आठवड्याच्या फेरीला एक्स-रे पाहून झाल्यावर ती करणे सर्वांत सोयीचे असते, कारण घरचे माणूस त्या वेळी सोबत असते.